त्याच्यासारखा लेफ्ट आउट परत झाला नाही!

कोल्हापूरला निघालेल्या माणसाला लोक एक यादी देतात. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, मिसळ, तांबडा-पांढरा, चपला, गूळ. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मलाही नागपुरात ती मिळाली होती. इथे आल्यावर त्यातलं बहुतेक सगळं पाहून झालं, खाऊन झालं, मनापासून आवडलंही. पण ज्या गोष्टीनं मला या गावात खरोखर झपाटलं, ती त्या यादीत कुठेच नव्हती! पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून कधी काळी खेळलेले दोन गडी, त्यांतला मोठा कोण? एवढ्या एका प्रश्नावर, दुकानं बंद झाल्यावर, शटरच्या पायरीवर बसून रात्री उशिरापर्यंत चालणारा वाद! पहिल्यांदा ऐकला त्या रात्री मला झोप लागेना. हे असलं काही आपल्या महाराष्ट्रात आहे आणि त्याबद्दल कुणी लिहीत कसं नाही?

आधी थोडी ओळख करून देते, कारण कोल्हापूरबाहेर यातलं फारसं कुणाला ठाऊक नसतं. तालीम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल माती, लंगोट आणि जोर-बैठका येतात. कोल्हापुरात त्याच तालमींचे फुटबॉल संघ आहेत! पाटाकडील तालीम मंडळ, ज्याला सगळं गाव पीटीएम म्हणतं. बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, जुना बुधवार पेठ तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी. ही नावं एकदा मोठ्यानं वाचून बघा! वाघाची तालीम नावाचा फुटबॉल संघ मला तरी दुसरीकडे कुठे ठाऊक नाही. या सगळ्यांची मिळून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, स्थापना १९४० सालची. छत्रपती घराण्याचा या खेळाला जुना आश्रय आहे. दर हंगामात साखळी सामने होतात, वरिष्ठ गटात १६ संघ, त्याखाली आणखी गट. मग चषकांचा धडाका: महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक. देशाच्या फुटबॉलची उतरंड पाहिली तर वर इंडियन सुपर लीग, तिच्या खाली देशपातळीवरच्या इतर लीग, मग राज्यांच्या स्पर्धा, आणि त्याहून खाली एखाद्या शहराची साखळी. म्हणजे आपण बोलतोय ते अगदी तळाच्या पायरीबद्दल. आणि त्या पायरीवर हजारोंनी माणसं बसलेली असतात!

मी पाहिलेला पहिला सामना पीटीएम आणि शिवाजी तरुण मंडळाचा. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ. यात काय दडलंय हे मला तेव्हा कुठलं कळायला? बँकेतला सहकारी म्हणाला, मॅडम चला, आणि मी गेले. राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारीच भरल्या होत्या. एका अंगाला एका पेठेची पोरं, दुसऱ्या अंगाला दुसऱ्या पेठेची, मधे पोलीस. हलगी कडाडत होती. कोपऱ्यात एक लहान पोरगं वडिलांच्या खांद्यावर बसून गोलकीपरला नावानं हाका मारत होतं, आणि गोलकीपरनं एकदा मागं वळून त्याला हात केला! एवढ्या जवळून खेळाडू आणि प्रेक्षक मी कधी पाहिले नव्हते. टीव्हीवर माणूस खेळाडूला ओळखतो. इथे खेळाडूही माणसांना ओळखतो, कारण उद्या सकाळी दूध आणायला दोघं एकाच गल्लीतून जाणार असतात. (कधी हा उत्साह हाताबाहेर जातो, हुल्लडबाजी होते, दगड येतात. त्याचं दुःख मी जुन्या प्रेक्षकांच्या तोंडावर जेवढं पाहिलं तेवढं दुसऱ्या कुणाच्या नाही.)

पण मला खरा शोध लागला तो माझ्या शेजारी. तिथे पांढरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते, सगळे त्यांना मामा म्हणत होते. त्यांच्या पलीकडे त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान एक गृहस्थ. डावीकडून एक पोरगा बॉल घेऊन सुटला, बॅकला चकवून आत वळला आणि उजव्या पायानं त्यानं शॉट हाणला. बारच्या अंगठाभर वरून गेला. सगळं स्टेडियम उभं राहिलं, मीही राहिले. मामा बसूनच होते.

"बघितलासा?" ते म्हणाले. "आत आला. तो असता तर आत आलाच नसता. झेंड्यापतोर नेला असता."

"तो कोण?" मी विचारलं.

बस्स! त्यानंतर समोरच्या सामन्याकडे आमचं तिघांचं निम्मंच लक्ष होतं. मामांनी एक नाव घेतलं. पलीकडच्या गृहस्थांनी मान हलवून दुसरं नाव घेतलं. दोघंही एकाच संघाचे, दोघंही लेफ्ट आउट (म्हणजे डाव्या कडेचे फॉरवर्ड), मधे वीसेक वर्षांचं अंतर. आणि मग सुरू झालं ते मध्यंतर, दुसरा हाफ, खेळ संपल्यानंतरची गर्दी, खासबागेजवळची भेळ असं करत करत रात्रीपर्यंत चाललं. ती दोन नावं मी इथे देत नाही. दोघंही आता साधे संसारी लोक आहेत, आपापल्या घरी सुखात आहेत, त्यांच्या दारात हा वाद मला न्यायचा नाही. सोयीसाठी एकाला थोरला म्हणू, दुसऱ्याला धाकटा.

थोरला कसा खेळायचा? मामांनी पायातल्या चपला काढल्या आणि पायरीवर मांडल्या. एक चप्पल म्हणजे बॅक. दुसरी चप्पल म्हणजे हाफ, जरा मागं, तिरकी. भेळेच्या कागदाचा बोळा म्हणजे बॉल. "हितं बॉल मिळाला," ते म्हणाले आणि बोळा पायरीच्या अगदी कडेला ठेवला, निम्मा बाहेर. "लाइन सोडायची न्हाई. लाइन म्हंजे त्येची आई." मग त्यांनी तो बोळा दोन बोटांनी हळूहळू पुढे सरकवला, चपलेजवळ आणला आणि थांबवला. पूर्ण थांबवला! मी श्वास धरला. "आता बॅकनं काय करायचं? पाय घातला तर गेला. न्हाई घातला तर गेला." चप्पल थोडी वळली. बोळा सर्रकन तिच्या बाहेरच्या अंगानं निघून गेला, पायरीच्या टोकाला पोचला आणि तिथून मामांनी टिचकी मारली. बोळा मागच्या बाजूला, तिसऱ्या पायरीवर बसलेल्या एका कॉलेजच्या पोराच्या मांडीवर पडला. "सेंटर," मामा म्हणाले. "डोकं न्हेऊन लावायचं फकस्त."

माणूस कसा खेळायचा हे मी दोन चपला आणि कागदाच्या बोळ्यातून पाहिलं, आणि शपथेवर सांगते, मला तो दिसला!

आता धाकट्याची बाजू. पलीकडचे गृहस्थ मामांचा आदर ठेवून, पण ठाम. त्यांचं म्हणणं, थोरल्याला एकच रस्ता होता. धाकट्याला दोन. तो लाइनीनंही जायचा आणि आतही यायचा, डावा-उजवा दोन्ही पाय चालायचे, म्हणून बॅकला कधी कळायचंच नाही. आणि बॅक कोण? मधल्या काळात कोल्हापूरच्या संघांतून नायजेरियाचे आणि आफ्रिकेतल्या इतर देशांचे खेळाडू खेळायला लागले, सहा-सहा फुटी, अंगानं पोलादी. धाकट्यानं त्यांना चकवलं. थोरल्यासमोर कोण होता? गल्लीतलाच, रोजच्या उठण्याबसण्यातला गडी, त्याची प्रत्येक सवय पाठ असलेला. यावर मामा लगेच: "मग त्येलाबी ह्येची प्रत्येक सवय पाठ हुती की!" काय उत्तर आहे! ओळखीच्या माणसाला पुन्हा पुन्हा त्याच युक्तीनं चकवणं सोपं की अनोळखी माणसाला एकदा चकवणं? मी आजही यावर विचार करत असते.

घरी येऊन मी वाचायला बसले, आणि या तुलनेला किती पदर आहेत ते उलगडत गेलं. बॉलच घ्या. जुना बॉल चामड्याचा, आत ब्लॅडर, तोंडाशी लेस आवळलेली. पावसात भिजला की पाणी पिऊन जड होणारा. हेडिंग करताना लेस कपाळावर लागली तर कातडं सोलून निघायचं, हे मला एकाहून अधिक जुन्या खेळाडूंनी कपाळावर बोट ठेवून सांगितलं आहे. विश्वचषकात पूर्णपणे कृत्रिम धाग्यांचा बॉल आला तोच मुळी १९८६ साली मेक्सिकोत. म्हणजे थोरल्यानं कोपऱ्यातून मारलेला तो सेंटर, जो मामांच्या बोटातून इतका हलका उडाला, तो खरं तर ओल्या चामड्याचा गोळा होता! हे कळल्यावर मला थोरल्याच्या मांडीची ताकद पहिल्यांदा समजली.

गोलकीपरांची तुलना तर याहून अवघड. १९९२ पर्यंत आपल्या खेळाडूनं पायानं मागं दिलेला बॉल गोलकीपर सरळ हातात घेऊ शकायचा. त्या वर्षी नियम बदलला आणि ते बंद झालं. तेव्हापासून गोलकीपरला पाय लागतात! मग ब्याण्णवच्या आधीचा गोली आणि आजचा गोली एका तागडीत तोलायचे कसे? शटरच्या पायरीवरच्या त्या कट्ट्यावर याचंही उत्तर आहे. ते फक्त दोन गोष्टी बघतात: कॉर्नरला गर्दीत उडी मारायची छाती किती, आणि पेनल्टीला डोळा कसा. बाकी सोडून देतात. नियम बदलला तरी या दोन गोष्टी बदलल्या नाहीत, म्हणून तुलना तिथंच करायची. हा निकष कुणी शिकवला त्यांना? कुणीच नाही. वर्षानुवर्षं भांडून भांडून सापडलेला आहे तो.

आणि सेंटर हाफ! जुनी माणसं सेंटर हाफ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मैदानाच्या मधोमध उभा राहून सगळा खेळ फिरवणारा राजा असतो. पूर्वी मागे दोन, मधे तीन आणि पुढे पाच अशी मांडणी होती, त्यातला मधल्या तिघांतला मधला. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलल्यावर इंग्लंडमध्ये आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला दोन बॅकच्या मधे मागं ओढला, आणि पुढे जगभर तोच रिवाज झाला. नाव राहिलं, काम बदललं. म्हणून एका पिढीच्या सेंटर हाफची दुसऱ्या पिढीच्या सेंटर हाफशी तुलना सुरू झाली की कट्ट्यावरचा कुणीतरी शहाणा आधी विचारतो, "कुठला सेंटर हाफ? पुढचा का मागचा?" कुठल्याही टीव्हीवरच्या चर्चेत मी इतका नेमका प्रश्न ऐकलेला नाही.

या गावाला ही सवय कुस्तीनं लावली असावी, असं माझं मत झालंय. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं, तेव्हापासून इथली माणसं मल्लांची तुलना करत आली आहेत. श्रीपती खंचनाळे १९५९ चे पहिले हिंदकेसरी, गणपतराव आंदळकर १९६० चे. त्या दोघांवर आजही घरं दुभंगतील! आणि बघा, कुस्ती आणि फुटबॉलचे धागे कुठे जाऊन भिडतात. १९६२ ची जाकार्ता एशियाड. मोतीबाग तालमीचे आंदळकर तिथून सुवर्णपदक घेऊन आले, मारुती माने घेऊन आले. आणि त्याच स्पर्धेत भारताच्या फुटबॉल संघानं अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून सुवर्ण मिळवलं! एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगांचा. जर्नेलसिंग मूळचे बॅक. डोक्याला जखम होती, टाके पडलेले, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना पुढे फॉरवर्ड खेळवलं, आणि त्यांनी डोक्यानं गोल केला. हा प्रसंग मी कट्ट्यावर सांगितला तेव्हा मामा म्हणाले, आमच्याकडंबी असा एक होता. अर्थातच होता! आणि मग त्याची गोष्ट.

मोठ्या जगात तरी हे वाद मिटलेत का? पेलेचे गोल किती यावरच एकमत नाही. मैत्रीपूर्ण सामन्यांसकट मोजले तर बाराशेच्या वर जातात, फक्त अधिकृत सामने धरले तर आठशेच्याही आत येतात. हा तोच पेले, जो १९७७ साली कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला आणि सामना २-२ सुटला. आपल्याकडचंच घ्या. मुंबईचा नेव्हिल डिसूझा, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं हॅट्ट्रिक केली, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या वेळी चौथा आला. आणि सुनील छेत्री, २०२४ मध्ये कोलकात्यात निरोपाचा म्हणून जाहीर केलेला सामना खेळला तेव्हा देशासाठी ९४ गोल. दोघांत मोठा कोण? आकडे छेत्रीच्या बाजूला, पण नेव्हिलला पाहिलेली माणसं आता उरलीत किती?

इथेच मी येऊन थांबले. कारण कोल्हापूरच्या कट्ट्यावर एक अलिखित नियम आहे आणि तो फार कडक पाळला जातो: दोघांनाही मैदानात पाहिलेला माणूसच बोलणार. बाकीच्यांनी ऐकायचं. एका संध्याकाळी एका तरुणानं धाकट्याच्या बाजूनं फार आवेशानं बोलायला सुरुवात केली, तेव्हा कुणीतरी शांतपणे विचारलं, "थोरल्याला बघितलंयस?" पोरगा गप्प. त्याचा अपमान झाला नाही, कुणी हसलं नाही. त्याच्या हातात चहाचा कप दिला गेला आणि त्याला जवळ बसवून घेतलं. साक्षीदाराशिवाय न्याय नाही, एवढंच. मला हा नियम इतका आवडला की काय सांगू! बाहेरच्या जगात जो तो न पाहिलेल्या खेळाडूंवर निकाल देत सुटलाय, आणि इथे, तळाच्या पायरीवरच्या फुटबॉलमध्ये, आधी साक्ष काढतात.

मग जे गाव सोडून गेले त्यांचं काय? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो विश्वचषक भारतातच झाला होता, भारताचे सामने दिल्लीत झाले. पुढे जमशेदपूर, हैदराबाद, हैदराबादनं २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग जिंकली त्या संघात तो होता. आजवरच्या यशाच्या हिशेबानं पेठेतला कुठलाही जुना गडी त्याच्या जवळपास येत नाही. पण कट्ट्यावर त्याला या तुलनेत धरत नाहीत. अभिमान? अरे, केवढा! त्याचं नाव निघालं की छात्या फुगतात. पण तो लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तालमीच्या जर्सीत, आपल्याच पेठेच्या आणि समोरच्या पेठेच्या डोळ्यांदेखत, हंगामामागून हंगाम घासलेला खेळाडू हा वेगळा धरला जातो. एक देशाचा, एक पेठेचा. मला हे सुरुवातीलाही कोतं वाटलं नाही आणि आज तर मुळीच वाटत नाही. ज्यानं नोकरी सांभाळून, शिफ्ट बदलून घेऊन, गुळाच्या अडतीतून किंवा वर्कशॉपातून थेट मैदानावर येऊन पंधरा-पंधरा वर्षं एकाच संघासाठी पाय झिजवले, त्याला मोजायला वेगळं माप हवंच.

थोरल्याच्या बाजूचा मामांचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच असतो. तो कधी दुसऱ्या संघात गेला नाही. हंगामाआधी केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा कोण कुठल्या संघात गेला याची गावभर चर्चा असते. धाकटा एक हंगाम दुसऱ्या संघाकडून खेळला होता. बस्स, मामांच्या लेखी तिथंच निकाल! पलीकडचे गृहस्थ म्हणतात, पोटाला लागतं मामा, दोन पैसे मिळत असतील तर का जाऊ नये? आणि परत आलाच की. इथे मात्र माझं मन धाकट्याकडे झुकतं. खेळाडूच्या पायाचं मोल कुणीतरी पैशात केलं म्हणून त्याचा खेळ कमी होत नाही. घर चालवणाऱ्या माणसाकडून निष्ठा फुकट मागू नये. हे मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर हाय. पर त्यो लेफ्ट आउट न्हवं, माणूस म्हणून बोललासा." मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा!

मग एके दिवशी त्यांनी मला तालमीत नेलं. आत मारुती, शाहू महाराजांची तसबीर, मल्लांचे फोटो, आणि त्यांच्या खाली ओळीनं लावलेले फुटबॉल संघांचे कृष्णधवल फोटो. काचेवर धूळ, लाकडी चौकट. मागची रांग उभी, मधली खुर्च्यांवर, पुढे दोघं जण कोपरावर टेकून आडवे, आणि त्यांच्या मधे बॉल. बॉलवर पांढऱ्या रंगात साल लिहिलेलं. उभ्या रांगेत डावीकडच्या टोकाला एक किडकिडीत पोरगा, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, डावा पाय किंचित पुढे, जणू फोटोग्राफरनं बटण दाबताच पळायचंय. मामांनी काचेवर बोट टेकवलं. "ह्यो."

एवढासा? मी बघतच राहिले. पंधरा-सोळा वर्षांचं वय असेल. खाली पुठ्ठ्यावर टाइप केलेली नावं होती. 'डावीकडून उभे' एवढं वाचता आलं, आणि त्यापुढची निम्मी ओळ भिंतीच्या ओलीनं खाल्ली होती. शाई पसरून तपकिरी डाग झाला होता. उभ्या रांगेतल्या सातांपैकी चौघांची नावं गेली होती, त्यात त्याचंही. मामांनी ती चारही नावं घडाघडा सांगितली. कोण कुठल्या जागी खेळायचा, कुणाचा कुठला पाय, कोण आता आहे, कोण गेला. शेजारी तालमीतली तरुण पोरं उभी होती. त्यांच्यापैकी एकालाही त्या चारांतलं एकही नाव ठाऊक नव्हतं. आजच्या सामन्यांचं त्यांच्या फोनवर थेट प्रक्षेपण असतं, प्रत्येक गोल पुन्हा पुन्हा पाहता येतो. म्हणजे धाकट्याचा निदान उतरता काळ तरी कुठेतरी साठवलेला आहे. थोरल्याचा सगळा खेळ, ते थांबणं, ते लाइनीनं निसटणं, तो ओल्या चामड्याचा सेंटर, हे सगळं फक्त काही माणसांच्या डोळ्यांत आहे, आणि ती माणसं सत्तरीच्या घरात आहेत.

म्हणून दोघांनाही पाहिलेली ती मधली पिढी मला या सगळ्या खेळातली सर्वांत मोलाची वाटते. पलीकडचे ते गृहस्थ. लहानपणी थोरल्याला पाहिलं, ऐन उमेदीत धाकट्याला. पूल आहेत ते. ते आहेत तोवर तुलना आहे. ते गेले की थोरला नुसता फोटोतला पोरगा उरेल आणि धाकटा नुसता व्हिडिओतला, आणि दोघांना एका पायरीवर समोरासमोर आणून बसवणारं कुणी उरणार नाही.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, समोर म्हशीची धार काढून दिलेल्या फेसाळ दुधाचे पेले हातात घेऊन हीच चर्चा मी एका रात्री पुन्हा ऐकली, वेगळ्या संघाची, वेगळ्या खेळाडूंची, पण तीच आच, तेच हातवारे. एक जण तर दुधाचा पेला खाली ठेवून रस्त्यावरच पाय फिरवून दाखवायला लागला! आणि परवा एक मुलगी भेटली, महिला संघातून खेळणारी. एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ देशाच्या महिला लीगमध्ये खेळून आला आहे, हे तिच्याकडून कळलं. मी तिला विचारलं, तुमच्यातल्या जुन्या खेळाडूंत मोठी कोण? ती क्षणभर थबकली आणि म्हणाली, हे आम्हाला कुणी विचारतच नाही. मग तिनं एक नाव घेतलं, पाठोपाठ दुसरं, आणि हातानं बॉलचा बाक दाखवायला लागली. तोही वाद सुरू झाला एकदाचा!

तर वाचकहो, कोल्हापूरला याल तेव्हा यादीत एक भर घाला. फुटबॉलचा हंगाम असेल तर शाहू स्टेडियमवर जा आणि जिथे पांढऱ्या टोप्या दिसतील तिथे जाऊन बसा. समोरच्या खेळाडूनं काही चांगलं केलं की शेजाऱ्याला एवढंच विचारा, याच्यापेक्षा भारी कोण होता? पुढचं ते बघतील. कोल्हापूरकर असाल तर तुमच्यावर जास्त जबाबदारी आहे. घरात, आळीत, तालमीत ज्यांनी दोघांना पाहिलंय त्यांना बोलतं करा, फोन समोर ठेवून रेकॉर्ड करा, चपला मांडून दाखवत असतील तर तेही टिपा. केएसएला आणि सगळ्या तालीम मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे: भिंतीवरचे संघांचे फोटो उतरवा, त्यांच्या प्रती काढा, आणि सांगणारी माणसं आहेत तोवर प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, जागा आणि हंगाम लिहून एक पुस्तक छापा. पावसाळा दर वर्षी येणारच, ओल थांबणार नाही. पुढच्या हंगामाच्या आत सुरुवात करा.